ओटीचे तांदूळ

जयश्री निकमला मी कधी बसलेली पाहिली नाही. ती माझ्या खालच्या मजल्यावर राहायची, दिवसातून दोनदा तरी वर यायची, पण माझ्या घरातल्या एकाही खुर्चीशी तिची ओळख झाली नाही. एक पाय चपलेत, दुसरा पायपुसण्यावर, अशी दारातच उभी. चहा दिला तर उभ्यानंच प्यायची आणि पिता पिता रिकाम्या हातानं माझ्या चपलांच्या रॅकवरची धूळ ओढणीनं पुसून काढायची. माझ्या घरातली धूळ ही माझी खासगी बाब आहे, असं मी एकदा तिला सुनावलं, तर म्हणाली, "काय करू बाई, हात मोकळा राहिला की मला भीती वाटते."

"मग बस ने गं दोन मिनिटं."

"बसलं की गंज चढतो."

हे तिचं ठरलेलं उत्तर. ('ना'च्या जागी 'ने' ही आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांची गुजराती खोड.) मी तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. वर्गाला 'बसा' म्हणण्यात माझा जन्म गेला आणि मुलं बसलीही. ही एकटी बसली नाही. तिची मुलगी पल्लवी माझ्याकडे शिकवणीला यायची, म्हणून मी सगळ्या निकमांची 'बाई' झाले होते.

जयश्रीचं माहेर बडोद्याजवळच्या सावली गावचं. वडील धुळ्याकडून तिथल्या कारखान्यात नोकरीला आलेले. नवरा प्रकाश कोयलीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे फिटर होता. घरात सासू, तिला जयश्री आत्याबाई म्हणायची. काळं लुगडं, कोरं कपाळ, आवाज असा की खालून मारलेली हाक माझ्या कुकरच्या शिट्टीवरही ऐकू यावी. जयश्री स्वतः एका दवाखान्यात आया होती. पेशंटला कूस बदलून द्यावी तर जयश्रीबेननं, असं तिथले डॉक्टरही म्हणायचे. मग प्रकाश स्कूटरवरून घसरला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शिड्या चढायचं काम कायमचं सुटलं. पल्लवीला फिजिओथेरपीला जायचं होतं. दोघं नवरा-बायको परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या एका एजंटाकडे जाऊन आली.

ती हकिगत जयश्रीनं मला दारात उभी राहूनच सांगितली. प्रकाशनं आपली कागदपत्रं टेबलावर ठेवली. एजंटानं ती न उघडताच बाजूला सारली आणि जयश्रीकडे पाहून म्हणाला, "बेन, माल्टा नावाचा देश आहे. तिकडे म्हातारी माणसं फार आणि सांभाळायला कोणी नाही. बायकांनाच मागणी. भाई घर सांभाळतील ने?"

"प्रकाश काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. येताना स्कूटर मी चालवली."

आमच्या बडोद्यात परदेशी जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पण जातो तो मुलगा. मागच्या बिल्डिंगमधल्या पटेलांचा मुलगा कॅनडाला गेला तेव्हा ढोल वाजला होता आणि साऱ्या सोसायटीला आइस्क्रीम मिळालं होतं. जयश्रीच्या वेळी जिन्यात कुजबूज तेवढी झाली. "नवरा धडधाकट घरी, आणि बाई चालली कमवायला." कुजबुजणाऱ्यांत जिचा नवरा बारा वर्षं मस्कतला होता तीही होती. मी तिला तसं बोलून दाखवलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

जायच्या दिवशी सकाळी मी खाली गेले, तर आत्याबाई ताटात तांदूळ, नारळ, खण आणि हळकुंड घेऊन उभ्या. सुनेची ओटी भरायची म्हणत होत्या.

जयश्री हसायला लागली. "आत्याबाई, लेक माहेराहून निघते तेव्हा ओटी भरतात. मी सासरहून निघालेय."

"मग काय करू?" आत्याबाई खेकसल्या. "सून कमवायला परमुलखात निघाली तर काय करायचं, हे माझ्या सासूनं मला शिकवलंच नाही. मला लेकीचं ठाऊक आहे, ते करते. रिकामी कशी धाडू तुला?"

दुसरी अडचण कोणी बोललं नाही, पण ती त्यांच्या कोऱ्या कपाळावरच होती. विधवा बाई ओटी भरत नाही. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मीही तशीच, आणि म्हणाल्या, "देवाला राग यायचाच असला तर मला एकटीला येऊ दे." आणि पहिली ओंजळ टाकली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मनातल्या मनात, हे लक्षात ठेवा.

"ओटीचे तांदूळ आपल्या घरी शिजवून खायचे असतात," आत्याबाईंनी बजावलं.

जयश्री त्या तांदळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिकडे शिजवले तर ते घर होईल. नाही शिजवायची. पाच वर्षं, आत्याबाई. पल्लवीचं शिक्षण झालं की परत येईन आणि इथे, या शेगडीवर शिजवीन." तिनं तांदूळ खणात गुंडाळून बॅगेत कोंबले. नारळ विमानात नेऊ देत नाहीत म्हणून तो माझ्याकडे आला. मी वड्या केल्या.

रविवारी तिचा फोन यायचा. फोनवरही ती चालतच असायची. धाप, वारा आणि मागे समुद्र. "एवढासा देश आहे, बाई! आपलं बडोदं ते सावली अंतर असतं ने, तेवढासुद्धा लांब नाही. मी निघाले की संपतोच. मग परत फिरते."

"फावतं का गं तिकडे?" आम्ही बडोद्याची माणसं जमलं, रुळलं आणि बरं वाटलं या सगळ्याला मिळून गुजरातीतलं 'फावलं' म्हणतो.

"फाववायचं, बाई."

ती सांभाळायची त्या म्हातारीचं नाव कार्मेन. ब्याऐंशी वर्षांची, हट्टी, दिवसभर माळ ओढणारी. तिची सख्खी मुलगी ऑस्ट्रेलियात, दुसऱ्याच कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला सांभाळायच्या नोकरीवर. जयश्रीला याचं फार हसू यायचं. "सगळ्या जगात आया इकडच्या तिकडे झाल्यात, बाई. प्रत्येकीची आई दुसरीच्या ताब्यात." तांदळाचा डबा तिच्या कपाटावर होता. कार्मेननं एकदा विचारलं, यात काय आहे? जयश्रीनं सांगितलं, माझं परतीचं तिकीट. तेव्हापासून म्हातारी त्या डब्याकडे संशयानं बघायची म्हणे.

दोन वर्षांनी ती तीन आठवडे रजेवर आली, तेव्हा माझा पाय मुरगळला होता. ती आली, चपला काढल्या (हा पहिला धक्का) आणि माझ्यासमोर उकिडवी झाली. उकिडवं होणं मी बसण्यात धरत नाही. म्हणाली, "बाई, आता मी तुमची डावी टाच उचलते. माझा हात गार लागेल." मग टाच उचलली. "आता मी बोटं मागे वाकवते. दुखलं की सांगा, मी थांबेन."

मी म्हटलं, "हे काय रेल्वेसारखं प्रत्येक स्टेशन जाहीर करतेस?"

तिकडे तसंच शिकवतात, ती म्हणाली. माणूस म्हातारं असो, बहिरं असो, बेशुद्ध असो, हात लावण्याआधी सांगायचं. काय करतो, कुठे लावतो, कसं लागेल. "मी इथल्या दवाखान्यात पंधरा वर्षं माणसं उलटीपालटी केली, बाई. एकालाही विचारलं नाही. आता आठवलं की लाज वाटते." आता ती सवयच तिच्या जिभेवर बसली होती. कणकेला सांगायची, आता पाणी घालते. माझं मात्र तिला चिडवायचं राहून गेलं. माझे यजमान गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता, आणि विचारून तर त्याआधीही नाही. त्या रात्री मला झोप चांगली लागली, एवढंच सांगते.

तिसऱ्या वर्षी आत्याबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. जयश्रीला यायचं होतं, पण तिचा कामाचा परवाना नूतनीकरणाला गेला होता आणि त्या काळात देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री कोणी देईना. नवी बाई ठेवली, ती चार दिवसांत पळाली. आत्याबाईंनी तिला डाव्या हातानं चापट मारली होती.

उरला प्रकाश. त्यानं आयुष्यात स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता. त्यानं फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. पलीकडे माल्टात जयश्री, अंगात ड्युटीचा निळा कोट, उभी. मी चादरी बदलायला मदत करत होते म्हणून हे सगळं पाहिलं.

"मी आईला अंघोळ कशी घालू?" प्रकाश दाराकडे तोंड करून म्हणाला. "मला नाही होणार ते."

"त्यांनी तुम्हाला घातली ने?"

"ती आई होती."

"आणि तुम्ही कोण आहात? शेजारी?" फोनमधून आवाज आला. "इकडे बघा. पाणी कोपरानं तपासा. आता त्यांना सांगा, आई, मी तुझा डावा हात उचलतो."

प्रकाश ते वाक्य बोलायला किती वेळ लावत होता! एखादा ढ मुलगा फळ्यासमोर उभा राहतो तसा उभा. शेवटी बोलला. आत्याबाईंनी मान फिरवून घेतली आणि डोळे मिटले. त्या पहिल्या अंघोळीत आई, मुलगा आणि फोनमधली सून, तिघंही रडत होती आणि जयश्री तशातच सूचना देत होती, "रडत रडत करा, पण साबण पाठीलाही लावा." दोन महिन्यांनी प्रकाश सराईत झाला. गच्चीत आईची लुगडी वाळत घालायचा तेव्हा खालून बायका बघायच्या. आधी तो अंधारायची वाट पाहायचा, मग भर उन्हात घालायला लागला. मी जिन्यात उभी राहिले की खालून त्याचा आवाज यायचा, "आई, आता मी तुला कुशीवर वळवतो. घाबरू नकोस." हुबेहूब तिच्या चालीत.

पाच वर्षं झाली. पल्लवीला सुरतेत नोकरी लागली. आणि जयश्री दोन बॅगा आणि एक डबा घेऊन परत आली, कायमची.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की ती आता दिवसातून पाच-सहा वेळा वर येते. मिठाचा डबा प्रकाशनं वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणला होता. तिनं तो वर ठेवला, संध्याकाळी तो परत खाली. आत्याबाईंच्या औषधांच्या वेळा त्याला तोंडपाठ, तिला भिंतीवरचा कागद वाचावा लागायचा. ती केर काढायला गेली तर काढून झालेला असायचा. कमाटी बागेत सकाळी चार आणि संध्याकाळी चार फेऱ्या मारायची. "बाग संपते," म्हणायची, वैतागून. देश संपतो म्हणायची तशीच.

आणि एका सकाळी तिनं आत्याबाईंना अंघोळ घालायला घेतली. मी तेव्हा खाली वाटी परत द्यायला गेले होते. एवढं शिकलेले हात. तिनं पाणी तपासलं, वाकली, गोड आवाजात म्हणाली, "आत्याबाई, आता मी तुमचा डावा हात उचलते."

आत्याबाईंनी हात छातीशी आवळून धरला. जड जिभेनं म्हणाल्या, "परकाशला बोलाव."

"मी आहे ने. मी जयू."

"माहितेय. परकाशला बोलाव."

त्यात राग नव्हता. लहान मूल अनोळखी हाताला कसं नाही म्हणतं, तेवढंच होतं. ती त्यांच्या डोळ्यांना ओळखीची होती, अंगाला नव्हती. जयश्री बाजूला झाली. प्रकाश आला, गुडघा सांभाळत खाली वाकला, आणि हात सुटला. जयश्री मोरीच्या दाराशी टॉवेल धरून उभी होती. टॉवेलही त्यानं तिच्याकडे न मागता खुंटीवरून दुसरा घेतला. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मी वाटी तशीच परत घेऊन वर आले.

दोन दिवसांनी ती मला गच्चीत दिसली. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तो ओटीचा तांदूळ. निम्म्याचं पीठ झालेलं, उरलेल्यात सोंडे. डबा तिनं पाच वर्षं उघडलाच नव्हता. मी म्हटलं, निवडून घेऊ, मी बसते निवडायला. तिनं मान हलवली आणि वर्तमानपत्र कठड्यावर झटकलं. सोसायटीतली सगळी कबुतरं हजर.

"बघा बाई. पाच वर्षं राखलं, आणि पाच मिनिटांत जेवून मोकळी."

ती हसली आणि मग तिला हसू आवरेना आणि मग ते हसू राहिलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. न सांगता ठेवला. ती दचकली.

डोळे पुसून म्हणाली, "कार्मेनच्या भाच्याचा फोन आला होता. ती नव्या बाईच्या हातून जेवत नाही. कागद तयार आहेत म्हणतो. महिन्याच्या आत यायचं, नाहीतर परवाना गेला."

"आणि प्रकाश?"

"ते म्हणाले, राहा ने, तुझंच घर आहे." जयश्रीनं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "तिथेच मला कळलं, बाई. घरच्या माणसाला कोणी असं सांगतं का? पाहुण्याला सांगतात. तिकडे माझ्यावाचून अडतं. इथे माझ्यामुळे अडतं. मी कुठे उभी राहू, तुम्ही सांगा!"

मी तो डबा तिच्या हातातून काढून घेतला.

जायच्या दिवशी दुपारी टॅक्सी सांगितली होती, अहमदाबादहून विमान होतं. प्रकाश लंगडत वर आला. म्हणाला, "बाई, आई हट्ट धरून बसलीय. जयूची ओटी भरायची म्हणते. तिचा उजवा हात तर उचलत नाही. तुम्ही भराल का?"

आणि मी, जिनं मस्कतवालीला तोंडावर सुनावलं होतं, जिनं मनात टाळ्या वाजवल्या होत्या, ती मी म्हणाले, "मी? अरे, मला कसं चालेल? तिसऱ्या मजल्यावरच्या शाहबेनना बोलाव." तो "बरं" म्हणाला आणि जिना उतरला. तो वर तिसऱ्या मजल्याकडे गेलाच नाही. मी लाजेनं त्याच्या मागोमाग खाली गेले.

ताट आत्याबाईंच्या पलंगावर होतं. जयश्री प्रवासाच्या कपड्यांत, ओढणी बॅगेत गेलेली, पायात बूट. प्रकाश पलंगाशी वाकला.

"आई, आता मी तुझा उजवा हात उचलतो. दुखणार नाही."

त्यानं तो लुळा हात उचलला, बोटं एकेक करून उघडली, त्यात तांदूळ भरले आणि आपली मूठ त्यावर मिटली. मग बायकोकडे न बघता, कामावर असल्यासारखा म्हणाला, "जयू, आता आम्ही तुझ्या ओटीत तांदूळ घालतो. पुढे हो."

जयश्रीनं पदर म्हणून कुडत्याचा घेर दोन्ही हातांनी धरला. पहिली मूठ अर्धी जमिनीवर सांडली. ती सवयीनं वेचायला वाकली.

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "उभी राहा. नीट."

ती उभी राहिली. पायाचा अंगठासुद्धा हलला नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या मुठीनंतर नारळ तसाच ताटात राहिला, कारण प्रकाशचे दोन्ही हात आईच्या हातात गुंतले होते. मी पुढे झाले आणि तो उचलला.

"बाई," जयश्री म्हणाली, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर चेष्टा, "आधी सांगायचं."

"आता मी नारळ ठेवते," मी म्हटलं. "जड लागेल."

बॅगा प्रकाशनं टॅक्सीत ठेवल्या. नारळ विमानात चालत नाही हे तिला ठाऊक होतं, मलाही. तो तिनं दारातच माझ्या हातात दिला. तांदूळ मात्र खणात बांधू दिले नाहीत. तसाच घेर धरून जिना उतरली, तशीच मागच्या सीटवर शिरली. प्रकाश खिडकीशी वाकला. मला वाटलं, लवकर ये म्हणेल.

तो म्हणाला, "हे डब्यात ठेवू नकोस. पोचलीस की शिजव."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. टॅक्सी वळेपर्यंत मी बघत होते. ती पाठ टेकून, मांडीवर तांदूळ घेऊन बसली होती, आणि हात हलवायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.